जावरचं जस्त : अरवलीच्या खोऱ्यातला एक धडा

पितळेचा तांब्या दाखवला की मुलं पटकन सांगतात, "तांबं आणि जस्त!" पण ते जस्त खडकातून निघतं कसं, हे आपण तरी कधी विचारतो का? उत्तर शोधायला राजस्थानात जावं लागेल, उदयपूरच्या दक्षिणेला जावरच्या खोऱ्यात.

नकाशात अरवलीच्या रांगा दाखवा. मधून टीडी नदी वाहते. इथल्या डोलोमाइट खडकात शिसं आणि जस्त यांची खनिजं एकत्र सापडतात, शिशासोबत थोडी चांदीही. खाणकाम इथे दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

शिसं काढणं त्या मानाने सोपं, वितळून ते भट्टीच्या तळाशी जमतं. जस्ताचं तसं नाही. खनिजातून ते सुटायला सुमारे १००० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि ते उकळतं ९०७ अंशांवर! म्हणजे धातू सुटतो तोच वाफ होऊन. हवा लागली की पांढरी भुकटी, धातू हाती काहीच नाही.

जावरच्या कारागिरांनी वाफ खाली उतरवली. वांग्याच्या आकाराची मातीची मूस भरायची, तोंडाला नळी बसवायची आणि ती उलटी ठेवायची. एका भट्टीत अशा ३६ मुशी. वरच्या कप्प्यात आग, खालचा कप्पा थंड. नळीतून उतरलेली वाफ थंड होऊन खालच्या भांड्यात जस्त जमायचं. बाराव्या शतकाच्या सुमारास हे काम मोठ्या प्रमाणावर चालू होतं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. (हे मुलांना जरूर सांगा, पण "आपणच पहिले" एवढ्यावर तास संपवू नका.)

१९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंकसोबत इथे उत्खनन केलं, तेव्हा या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. वापरलेल्या मुशींचे तर डोंगराएवढे ढीग आहेत. गावकऱ्यांनी त्या रचून घरांच्या भिंतीही बांधल्या. नवख्याला तो राडारोडाच वाटेल, आणि राडारोडा म्हणूनच असा ठेवा हलवला जातो, ही खरी भीती.

वर्गात भट्टी नको. उकळत्या पाण्यावर झाकण धरा, थेंब दाखवा. मग विचारा, वाफ खाली न्यायची तर? "भांडं उलटं करू!" आणि आतलं सांडलं तर? मुलं अडली की सांगा : मुशीच्या तोंडातून आत एक काडी खोचलेली असे. उलटं करताना तिने माल अडायचा. पुढे ती जळून जायची, आणि तिच्याच जागी वाफेला वाट मिळायची.