धरण तालुक्यात, गॅस घरात, तरी चूल पेटलेली
जव्हार-मोखाड्यातल्या सरपण, गॅस, वीज आणि पाण्याविषयीचे पाच गैरसमज

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणामुळे मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळू लागले. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहिली जाते. जव्हार-मोखाड्याबद्दल शहरात दोन प्रकारे बोलले जाते. एक, ‘तिथे बिचाऱ्यांकडे काहीच नाही.’ दुसरे, ‘सरकारने सगळे दिले, लोकच वापरत नाहीत.’ दोन्ही बोलणी वस्तुस्थितीला सोडून आहेत. इथे साधनसंपत्ती आहे आणि योजनाही आल्या आहेत. गाडी अडते ती योजना कागदावर पूर्ण झाल्यानंतरच्या टप्प्यावर.

गैरसमज १ : उज्ज्वलाचा गॅस फुकट असतो, तरी या बाया चूल सोडत नाहीत.

वस्तुस्थिती : १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेत फुकट मिळते ती जोडणी, म्हणजे सिलेंडर आणि रेग्युलेटरची अनामत रक्कम सरकार भरते. ऑगस्ट २०२१ मधल्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिला भरलेला सिलेंडरही मोफत झाला. त्यानंतरचा प्रत्येक सिलेंडर विकतच घ्यावा लागतो. केंद्राचे अनुदान ऑक्टोबर २०२३ पासून सिलेंडरमागे ३०० रुपये झाले. पण ते नंतर बँक खात्यात येते. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतले वर्षाला तीन ‘मोफत’ सिलेंडरही असेच. आधी पूर्ण किंमत मोजायची, मग पैसे खात्यात.

महिन्याचा पगार असलेल्या घराला हा फरक जाणवत नाही. जव्हार-मोखाड्यातल्या अनेक कुटुंबांचा पैसा मात्र वर्षभर सारखा येत नाही. भात-नागलीची कापणी उरकली की दिवाळीनंतर माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. बऱ्याच जणांनी पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यात हंगाम जातो. आषाढात हातात आठ-नऊशे रुपये रोख नसतील, तर खात्यात पुढे जमा होणारे अनुदान सिलेंडर आणायला उपयोगी पडत नाही. रानातल्या फाट्यांना रोख लागत नाही, अंगमेहनत लागते.

सरकारचीच आकडेवारी पाहा. उज्ज्वलाच्या ग्राहकाने २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलेंडर घेतले, २०२४-२५ मध्ये साधारण साडेचार. वापर वाढतो आहे, म्हणजे सवयीला दोष देण्यात अर्थ नाही. तरी एवढ्यावर पाच-सहा माणसांच्या घराचा वर्षभराचा स्वयंपाक होत नाही. म्हणून चहा आणि घाईची भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. पावसाळ्यात तीच चूल घर उबदार ठेवते आणि वर टांगलेले बियाणे धुराने किडीपासून वाचते.

धूर मात्र निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख अकाली मृत्यू झाले. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा दहा-पंधरा टक्के भागच भांड्यापर्यंत जातो, बाकी वाया. त्यामुळे गॅसचा आग्रह योग्यच आहे. फक्त तो धरताना सिलेंडरच्या पैशाचा हिशेबही मांडायला हवा.

गैरसमज २ : चुलीपायी आदिवासींनी जंगल संपवले.

वस्तुस्थिती : घरच्या चुलीसाठी डोक्यावरून येणाऱ्या मोळीत बहुतेक वाळक्या फांद्या आणि काटक्या असतात. उभे झाड तोडून आणलेले ओले लाकूड धड पेटतही नाही. जंगलावर मोठा घाव पडला तो बाजाराच्या मागणीचा. ब्रिटिश काळापासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले इमारती लाकूड आणि लाकडी कोळसा मुंबईकडे जात होता. कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी आदिवासी मोठ्या संख्येने होते, नफा ठेकेदाराचा. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात उभ्या राहिलेल्या वारली आंदोलनात वेठबिगारीबरोबरच गवतकापणी आणि जंगलतोडीच्या मजुरीचे दर हाही लढ्याचा विषय होता. कुऱ्हाड आदिवासीच्या हातात होती, लाकूड दुसऱ्याचे होते.

फांद्या तोडण्याचे दुसरे कारण म्हणजे राब. नागली, वरई, भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमिनीवर फांद्या, पाला, गवत, शेण पसरून जाळतात. तण मरते, रोपांना राख मिळते. तिथे फांद्या छाटतात, झाड राखतात, कारण पुढच्या वर्षीही त्याच झाडाचा पाला लागणार असतो. राबाने झाडाची वाढ खुंटते आणि त्याला पर्यायही हवेत, पण सिलेंडर दिल्याने राब थांबत नाही. चुलीचा प्रश्न वेगळा, शेताचा वेगळा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, झुडपी लाकूड, खुंट यांना गौण वनोपजात धरले आहे आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा वनहक्कधारकांचा अधिकार मान्य केला आहे. तेव्हा मोळीवाली दिसली की ती चोरच, हा समज कायद्यालाही धरून नाही.

गैरसमज ३ : गावात वीज पोहोचली, म्हणजे घरात पोहोचली.

वस्तुस्थिती : सरकारी व्याख्येत शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी आणि १० टक्के घरांत वीज आली की गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातली सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले, ते याच मापाने. घराघरांत जोडणी देणारी सौभाग्य योजना सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू करावी लागली, ती याच कारणाने.

जव्हार-मोखाड्यात एका महसुली गावात दूरदूर विखुरलेले अनेक पाडे असतात. मुख्य गावठाणात डीपी बसतो. डोंगराआडच्या पाड्यावर तार पोहोचायला बरीच वर्षे जातात. पोहोचली तरी बहुधा सिंगल फेज. बल्ब आणि मोबाइलला तेवढी पुरते, गिरणीच्या किंवा विहिरीवरच्या मोठ्या मोटरला नाही. पावसाळ्यात झाड तारेवर पडले की रानातला दोष शोधण्यातच दिवस जातो. एकदा जोडणीचा आकडा नोंदवला की पाड्यावर वीज नसलेले तास कुठे मोजले जात नाहीत. आणि गॅस घरात आला म्हणून रेशनचे रॉकेल बंद झालेले असते, त्यामुळे अंधारात चिमणी पेटवायचीही पंचाईत.

जवळ ऊर्जा तयार होते म्हणून ती जवळच्याला मिळते, असेही नाही. वैतरणेच्याच पाण्यावर अप्पर वैतरणा प्रकल्पात ६० मेगावॅटचा वीजसंच आहे; त्याची वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. कॅनडाचे उदाहरण घ्या. तेल आणि वायू निर्यात करणारा हा देश. त्याची निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून होते. तरीही तिथल्या अनेक दुर्गम वस्त्या, त्यांतल्या बऱ्याच मूळनिवासींच्या, डिझेल जनरेटरवर चालतात. देश श्रीमंत असो की गरीब, शेवटचा पाडा ग्रीडच्या हिशेबात शेवटीच येतो.

गैरसमज ४ : एवढा पाऊस, एवढी धरणे, मग टंचाई कसली?

वस्तुस्थिती : इथे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण चार महिन्यांत. खाली काळा कातळ, वर तीव्र उतार. पाणी मुरत कमी, धावत जास्त. नद्या खोल दऱ्यांत, पाडे वर. म्हणजे प्रश्न पाणी उचलण्याचा, अर्थात ऊर्जेचा.

साधे गणित करू. ३०० लोकवस्तीचा पाडा, जलजीवन मिशनच्या मापाने माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला १६,५०० लिटर. ते १०० मीटर वर चढवायचे. पंपातली आणि नळातली घट धरून दिवसाला साधारण नऊ युनिट वीज लागेल. तीन अश्वशक्तीचा पंप हे काम चार तासांत करतो. एवढीशी वीज राज्याला जड नाही. अडचण येते ती पंप जळल्यावर तो दुरुस्त कोणी करायचा आणि पैसे कोणाच्या खात्यातून द्यायचे, इथे. तोवर हंडे बाईच्या डोक्यावर.

गैरसमज ५ : सौर पॅनेल बसवले की सुटलो.

वस्तुस्थिती : पाणी उपशाला सौर पंप उत्तम. उन्हाळ्यात पाण्याची गरज जास्त आणि ऊनही जास्त. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पण पंपाला आधी पाण्याचा स्रोत लागतो. कोरड्या विहिरीवर पॅनेल निरुपयोगी. घरावर बसवायचे तर कुडाच्या भिंतीवरचे कौलारू छप्पर पॅनेलसाठी बहुधा चालत नाही. रात्रीच्या दिव्याला बॅटरी लागते आणि ती काही वर्षांत बदलावी लागते. पावसाळ्यातले ढगाळ आठवडे वेगळेच. नोव्हेंबर २०२३ च्या पीएम-जनमन अभियानात कातकरी वस्त्यांसाठी वीजजोडणी आणि ग्रीडबाहेरच्या सौर संचाची तरतूद आहे. तिचा उपयोग किती, हे पाच वर्षांनी किती संच चालू आहेत यावर ठरेल.

या सगळ्यात चूक मापात आहे. जोडण्या, खांब, नळ, पॅनेल मोजले जातात. पाड्यापाड्यावरचा वापर मोजला जात नाही. तो मोजायची सोय गावाकडे आहे. आदिवासी क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्यामुळे इथल्या ग्रामसभेला योजनांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे. पुढच्या ग्रामसभेत तीन आकडे मागा : गेल्या वर्षात गावात किती सिलेंडर भरले गेले, प्रत्येक पाड्यावर वीज किती दिवस बंद होती, आणि पंप बिघडल्यापासून सुरू होईपर्यंत किती दिवस गेले. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा : उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालते, आणि पाच किलोचा सिलेंडरही मिळतो. तो जरूर मागा.