काशीयात्रेत श्वानदंश : लस अर्धवट सोडू नका

वाराणसीच्या घाटांवर मोकळे श्वान वावरतात. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या श्वानास स्पर्श करू नये. श्वान चावल्यास, ओरखडल्यास किंवा जखमेस चाटल्यास ती जागा त्वरित साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी; हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जावे. रक्त आल्यास लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही आवश्यक असते. त्वचेत टोचावयाची लस पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून पुढे ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. तोवर आपण गावी परतला असाल, तर लसीकरणपत्र दाखवून उर्वरित मात्रा तेथील शासकीय रुग्णालयात अवश्य घ्याव्यात. रेबीजची लक्षणे उमटल्यावर रोग बहुधा प्राणघातकच ठरतो. वेळेवर पूर्ण केलेले लसीकरण प्राण वाचवते.