मोडकी अक्षरं वाचायला शिका

बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातलं कोहिनूर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड ही इथली जुनी रीत. आता संगणकालाही तीच सवय करून घ्यावी लागते. सकाळी त्याच पडद्यावर शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये उघडते, तर दुपारी उमरगा-लातूरकडच्या कॉलेजची प्रवेशाची माहिती मराठीत. एखाद्या दिवशी अक्षरांऐवजी चौकोन उमटतात, कुणीतरी “व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारा” म्हणतं आणि यंत्र दुकानात जातं. खरं तर बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा मोडकी अक्षरंच सांगत असतात.

चार खुणा

पहिली खूण रिकाम्या चौकोनांची. मजकूर संगणकापर्यंत नीट पोचलेला असतो, पण त्या लिपीचा फॉन्ट यंत्रात नसतो. फायरफॉक्स अशा चौकोनात अक्षराचा युनिकोड क्रमांकही दाखवतो. तो ‘०९’ने सुरू झाला तर देवनागरी अडली आहे, ‘०सी’ने सुरू झाला तर कन्नड. विंडोज एक्सपीत देवनागरीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा हे वेगवेगळे फॉन्ट होते. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा एकच फॉन्ट दोन्ही लिप्या सांभाळतो. तरीही चौकोन दिसत असतील तर गूगलचे नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे फॉन्ट मोफत उतरवून घ्या, इन्स्टॉल करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

दुसरी खूण विचित्र चिन्हांच्या माळेची. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी आणि कन्नडचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटांची असते. ब्राउझरने ते पान जुन्या पाश्चात्त्य संकेतात वाचलं, की एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं येतात. माळेत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. त्याच्या पाठोपाठ मधूनमधून जपानी येनचं चिन्ह येत असेल तर मूळ मजकूर देवनागरी असतो. वर्ग-घन लिहिताना वर टाकतो तसा बारीक २ किंवा ३ येत असेल तर कन्नड. इथे फॉन्ट टाकून काही होत नाही. फायरफॉक्सच्या व्ह्यू मेनूत मजकुराचा संकेत दुरुस्त करण्याची सोय आहे, ती वापरून पाहावी. क्रोमने संकेत हाताने बदलण्याचा मेनू केव्हाच काढून टाकला आहे.

तिसरी खूण साध्या प्रश्नचिन्हांची. नावाच्या जागी नुसती ‘?????’ दिसत असतील, तर बहुधा माहिती साठवतानाच मूळ अक्षरं गळून पडलेली असतात. तुमच्या संगणकावर काहीही केलं तरी ती परत येत नाहीत. संबंधित कार्यालयाकडून नोंदच पुन्हा करून घ्यावी लागते.

चौथी खूण अर्थहीन रोमन अक्षरांची. युनिकोड रुळण्याआधी मराठीत श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश आणि कन्नडमध्ये नुडी असे फॉन्ट चालत. त्यांत इंग्रजी अक्षराच्या खोक्यात देशी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. तो फॉन्ट नसला की चित्र जातं आणि खालचं रोमन अक्षर उघडं पडतं. जुन्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केल्यावर कचरा उमटतो, तोही अनेकदा याच कारणाने. अशा मजकुरासाठी त्या-त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरावा आणि नंतर प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावं, कारण रफार आणि ऱ्य तिथे हमखास घसरतात.

एक खूण मात्र बिघाडाची नव्हे. मराठी पानावर ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर घाबरू नका. मराठी वळणाची सोय काही फॉन्टमध्ये असते, पण पान मराठी आहे असं ते बनवणाऱ्याने पानाच्या कोडमध्ये नोंदवलेलं असावं लागतं.

अक्षरं धड, पान विस्कटलेलं

कधी अक्षरं स्पष्ट असतात, पण रंग, रकाने, बटणं गायब होऊन सगळा मजकूर डाव्या कडेला एकाखाली एक लागतो. पानाची मांडणी सांगणारी फाइल पोचलेली नसते किंवा ब्राउझर साठवणीतली जुनी फाइल वापरत असतो. रेंज कमी असलेल्या गावात हे नेहमीचं. कंट्रोल आणि एफ ५ एकत्र दाबा, पान नव्याने येतं. तरीही तसंच राहिलं तर कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून क्रोमची गुप्त खिडकी उघडा. तिथे पान नीट दिसलं तर दोष साठवलेल्या फाइलींचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. मजकूर राक्षसी मोठा किंवा मुंगीएवढा झाला असेल तर कंट्रोल आणि शून्य पुरे. पडदा काळा पडत किंवा लुकलुकत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’मध्ये जाऊन ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करून पाहा.

सगळ्याच संकेतस्थळांवर ‘असुरक्षित’ असा इशारा येऊ लागला, तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही छोटी बॅटरी संपली, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझरला संकेतस्थळांची प्रमाणपत्रं खोटी वाटू लागतात. घड्याळाच्या दुकानातही ही बॅटरी मिळते.

यंत्र फार जुनं असेल तर कारण वेगळं. विंडोज ७ आणि ८ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती जानेवारी २०२३ मधली. त्यानंतर बनलेली काही पानं तिच्यात अर्धवट उघडणारच. इंटरनेट एक्सप्लोररचा आधारही जून २०२२ मध्ये संपला. एखादं जुनं सरकारी पान त्याच्याशिवाय उघडत नसेल तर एज ब्राउझरमधला ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ वापरावा.

सीमाभागासाठी एक खास सावधगिरी. क्रोम कन्नड पानाचं मराठी भाषांतर करून देतो. वाचायला ते सोयीचं, पण त्यात शेताचं, गावाचं, माणसाचं नावही भलतंच होऊ शकतं. अर्ज भरताना किंवा छापताना पान मूळ भाषेतच ठेवा.

आधी फोटो, मग दुकान

अडचण आली की पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. तेच पान दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. तिथेही मोडलं असेल तर दोष बहुधा तुमच्या संगणकात नाही. गावातल्या सेवा केंद्रांनी आणि टायपिंगवाल्यांनी नवं प्रत्येक काम युनिकोडमध्येच करावं, म्हणजे चौथ्या खुणेचं दुखणं पुढच्या पिढीला उरणार नाही. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे आणि न दिसणाऱ्या अक्षरांसाठी त्याची गरज क्वचितच पडते.