‘स्वयं’वरील गृहपाठ : विद्यार्थ्याच्या प्रथम प्रवेशाचा विचार

‘गृहपाठ’ हा शब्द आपल्याकडे शालेय वयाशी इतका निगडित झालेला आहे की, एम. कॉम. किंवा एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यास गृहपाठ असतो असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्यास प्रथम हसू यावे. तथापि ज्या विद्यार्थ्याने केंद्र शासनाच्या ‘स्वयं’ या व्यासपीठावरील एखादा अभ्यासक्रम श्रेयांकांसाठी निवडला आहे, त्याच्यापुढे दर आठवड्यास ठराविक मुदतीचा एक गृहपाठ उभा राहतो, आणि त्या गृहपाठाच्या सरासरीवर त्याचे प्रमाणपत्र, पर्यायाने त्याचे श्रेयांक, अवलंबून असतात. हा गृहपाठ शिक्षकाच्या हाती द्यावयाचा नसून यंत्राच्या नोंदीत जमा करावयाचा असतो. विद्यार्थी व विभाग या दोहोंनीही या भेदाचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही. विषय अवघड असल्यामुळे जेवढे विद्यार्थी मागे पडतात, त्यांत प्रारंभीची व्यवस्था नीट न समजल्यामुळे मागे पडणाऱ्यांचीही भर पडते. ही दुसरी हानी सर्वस्वी टाळण्याजोगी असल्याने तिचे स्वरूप तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे.

दूर राहून अभ्यास करणे व लिहिलेले उत्तर दुसरीकडे पाठविणे ही कल्पना मुंबईस नवीन नव्हे. मुंबई विद्यापीठाने १९७१ सालीच पत्रद्वारा शिक्षणास आरंभ केला, आणि १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ती परंपरा खेडोपाडी नेली. गृहपाठ यंत्राकडून तपासून घेण्याची कल्पनाही आपण समजतो त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० च्या सुमारास ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापनाची योजना उभारली होती. पुढे १९९० नंतरच्या दशकात रॉचेस्टर विद्यापीठातील मायकेल गेज व आर्नल्ड पायझर या दोन गणितज्ञांनी ‘वेबवर्क’ नावाची गृहपाठप्रणाली तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे की, प्रश्न एकच, परंतु त्यातील आकडे प्रत्येक विद्यार्थ्यास निराळे. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेण्यात अर्थ उरत नाही. शेजाऱ्याशी रीतीची चर्चा मात्र करता येते. गृहपाठाचा मूळ हेतू याहून चांगला क्वचितच साधला गेला असेल. ‘स्वयं’वरील गृहपाठ बव्हंशी या जातीचा नाही, याचा परिणाम पुढे दिसेल.

‘स्वयं’चे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ९ जुलै २०१७ रोजी झाले. हे एकच विद्यालय आहे असा जो समज असतो तो बरोबर नाही. त्यामागे निरनिराळ्या समन्वयक संस्था आहेत, आणि त्यांचे नियमही निरनिराळे आहेत. अभियांत्रिकी, विज्ञान, व्यवस्थापन व काही मानव्यविद्या यांचे अभ्यासक्रम ‘एनपीटीईएल’ या योजनेतून येतात. ही योजना सात भारतीय तंत्रज्ञान संस्था (त्यांत पवईची एक) व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केली. वाणिज्य, समाजशास्त्रे व भाषा यांचे पुष्कळसे अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाशी संबंधित संस्थांकडून येतात. पहिल्या प्रकारात गृहपाठास २५ व अंतिम परीक्षेस ७५ गुण असतात, तर दुसऱ्या प्रकारात सामान्यतः ही विभागणी ३० व ७० अशी असते. यास्तव एका मित्राने सांगितलेला नियम दुसऱ्याच्या अभ्यासक्रमास लागू पडेलच असे नाही. अभ्यासक्रमाच्या मुख्य पृष्ठावरील मूल्यमापनाचा परिच्छेद पहिल्याच दिवशी वाचणे, हा या साऱ्या व्यवहारातील पहिला गृहपाठ होय.

आता मालाडच्या विद्यार्थ्याचा विचार करू. या उपनगरात प्रल्हादराय डालमिया लायन्स महाविद्यालय (१९७२), नगीनदास खांडवाला महाविद्यालय (१९८३) व अथर्व अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९९) अशा संस्था आहेत. तिन्ही ‘स्वयं’च्या पूर्वीच्या. मालवणीत किंवा कुरार गावात राहणारा, सकाळी महाविद्यालयात जाणारा आणि दुपारनंतर एखाद्या सनदी लेखापालाच्या कचेरीत काम करणारा विद्यार्थी कल्पावा. घरी एक खोली, माणसे पाच, आणि स्वतःचा म्हणता येईल असा मोबाइल हेच एक साधन. असा विद्यार्थी या व्यासपीठावर प्रथम येतो तेव्हा त्याच्या हातून सहज होणाऱ्या चुका बुद्धिमांद्याच्या नसतात. त्या कागदोपत्रीच्या असतात आणि म्हणूनच अधिक बोचतात.

यांपैकी पहिली गोष्ट नावनोंदणीच्याही आधीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून करण्यास मुभा दिली होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. परंतु ही मुभा म्हणजे विद्यार्थ्याचा निरपवाद हक्क नव्हे. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी धरावयाचा हे त्याच्या संस्थेने मान्य करावे लागते. प्रथम अभ्यासक्रम पूर्ण करून मागाहून श्रेयांक मागण्यास येणारा विद्यार्थी विभागासही अडचणीत टाकतो. संमती आधी व लेखी घ्यावी.

दुसरी गोष्ट ईमेलची. खाते उघडताना दिलेला ईमेल पत्ता ही या व्यवस्थेतील विद्यार्थ्याची खरी ओळख होय. गृहपाठाचे गुण त्याच पत्त्याशी बांधलेले असतात. भावाच्या मोबाइलवरून, भावाच्याच खात्यात नकळत शिरून पाच आठवडे गृहपाठ सादर केला तर ते गुण भावाचे ठरतात. नंतर परीक्षेचा अर्ज भरताना दुसरा पत्ता दिल्यास यंत्राच्या दृष्टीने गृहपाठ करणारा व परीक्षेस बसणारा या दोन भिन्न व्यक्ती होतात. नावाचेही तसेच. परीक्षेच्या अर्जात नाव जसे लिहिले जाईल तसेच ते प्रमाणपत्रावर उमटते. मराठी विद्यार्थ्याच्या नावात वडिलांचे नाव मधे येते, आडनाव कधी आधी तर कधी शेवटी येते, आणि रोमन लिपीत तर एकाच आडनावाची तीन रूपे होतात. म्हणून विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरील व आधारपत्रावरील रूप समोर ठेवूनच अर्ज भरणे इष्ट.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘एनपीटीईएल’च्या अभ्यासक्रमास नावनोंदणी करणे आणि त्याच्या परीक्षेस नोंदणी करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली विनामूल्य आहे. दुसरीस शुल्क पडते आणि तिची मुदतही निराळी असते. व्याख्याने ऐकली, गृहपाठ नियमाने दिला, आणि परीक्षेचा अर्ज मात्र भरलाच नाही, अशा विद्यार्थ्यास ज्ञान मिळते, श्रेयांक मिळत नाहीत. महाविद्यालयीन प्रवेश झाला म्हणजे परीक्षेचा अर्ज कचेरीतून आपसूक येईल ही सवय येथे घातक ठरते.

गुणांचे गणितही डोळसपणे पाहावे लागते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सामान्यतः बारा गृहपाठांपैकी उत्तम आठ धरले जातात, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठांपैकी सहा, व चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात चारांपैकी तीन. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. एकूण गुण कितीही असोत, एक अट चुकली की प्रमाणपत्र नाही. यातून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी विलक्षण वाटतो. समजा, एखाद्या हुशार विद्यार्थ्याने बारांपैकी तीनच गृहपाठ दिले व तिन्हींत पूर्ण गुण मिळविले. आठांच्या सरासरीत त्याचे ३०० गुण ८०० पैकी धरले जातील, म्हणजे ३७.५ टक्के, अर्थात २५ पैकी ९.३७५. त्याने परीक्षेत ७५ पैकी ७५ गुण मिळविले तरी, एकूण ८४ च्या वर गुण असूनही, तो अनुत्तीर्ण ठरतो. आणखी एकच गृहपाठ पूर्ण गुणांनी दिला असता तर २५ पैकी १२.५ होऊन तो सहज पार पडला असता. गृहपाठाचा भार केवळ चतुर्थांश आहे असे म्हणून जो त्याची उपेक्षा करतो, त्याच्या ध्यानात हे येत नाही की तो चतुर्थांश म्हणजे नुसता वाटा नसून उंबरठा आहे.

याच नियमाची दुसरी बाजू विद्यार्थ्याच्या सोयीची आहे. चार गृहपाठ चुकले तरी, उरलेले आठ चांगले असतील, तर काहीच बिघडत नाही. परंतु ही चार आठवड्यांची सवलत केव्हा वापरावयाची याचा विचार मुंबईत तरी करावाच लागतो. जुलैच्या सत्रातील अभ्यासक्रमाचे पहिले आठवडे ऐन पावसाळ्यात येतात, आणि मधले आठवडे बहुधा गणेशोत्सवात. मालाडहून सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे जाणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याचे दहा-बारा दिवस तेथेच जातात, आणि गावी जाळे मिळेलच याची शाश्वती नसते. गृहपाठाची मुदत गणपतीसाठी पुढे जाईल असे धरून चालता येत नाही. सवलतीचे आठवडे आळसाने प्रारंभीच खर्च केले की सणाच्या वेळी काही शिल्लक राहत नाही. पुष्कळ अभ्यासक्रमांत आरंभी ‘शून्य आठवड्या’चा एक गुणविरहित गृहपाठ दिलेला असतो. गुण नाहीत म्हणून तो सोडून देण्याची प्रवृत्ती असते. वस्तुतः यंत्राची रीत बिनधोक समजून घेण्याची ती एकमेव संधी असते.

मुदत बहुधा बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपते. मुदत संपण्यापूर्वी उत्तरे कितीही वेळा सादर करता येतात, आणि शेवटी सादर केलेली उत्तरेच ग्राह्य धरली जातात. अनुभवी विद्यार्थी म्हणूनच रविवारी किंवा सोमवारी एकदा उत्तरे सादर करून टाकतो व मग सावकाश सुधारतो. कामावरून सुटून चर्चगेटहून उशिराच्या गाडीने निघालेल्या विद्यार्थ्याने अंधेरी ते मालाड या टप्प्यात मोबाइलवर गृहपाठ पुरा करण्याचा बेत केला, तर गर्दी आणि जाळे या दोहोंच्या कृपेवर त्याचा निकाल अवलंबून राहतो. प्रवासात करण्याजोगे काम निराळे आहे. व्याख्यानांच्या चित्रफिती व त्यांची लिखित रूपे आधी उतरवून घेता येतात. गाडीत ती ऐकावी-वाचावी, आणि सादर करण्याचे काम स्थिर जागी करावे. सादर केल्यानंतर पृष्ठावरील नोंद बदलली की नाही हे पाहिल्याखेरीज उठू नये. जोवर तेथे गृहपाठ सादर झालेला नाही अशीच नोंद दिसते तोवर तो झालेला नसतो, मग उत्तरे भरताना कितीही वेळ गेलेला असो. २०१७ साली विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याच्या प्रयोगात निकाल किती लांबले हे मुंबईकर विसरलेले नाहीत, आणि यंत्राविषयीची त्यांची साशंकता समजण्याजोगी आहे. तथापि तेथे तपासणारा मनुष्यच होता. येथे आठवड्याच्या गृहपाठापुरती तरी तपासणी तत्काळ व यांत्रिक आहे, आणि तिच्याकडे विनंतीअर्ज करण्याची सोय जवळजवळ नाही.

यांत्रिक तपासणीची किंमत प्रश्नांच्या स्वरूपात मोजावी लागते. बहुतेक गृहपाठ पर्याय निवडण्याचे किंवा एखादा आकडा भरण्याचे असतात. रीत बरोबर व शेवटचा आकडा चुकीचा असेल तर शिक्षक काही गुण देईल. यंत्र देत नाही. शिवाय ‘वेबवर्क’प्रमाणे आकडे बदललेले नसल्यामुळे सर्वांस बहुधा एकच प्रश्न येतो. परिणामी दर आठवड्यास त्या प्रश्नांची तथाकथित उत्तरे चित्रफितींतून व टेलिग्रामवरील समूहांतून फिरू लागतात. ती कित्येकदा चुकीची असतात हा भाग निराळा; ती बरोबर असली तरी घेणाऱ्याचे नुकसानच होते. उसन्या उत्तरांवर २५ पैकी २३ गुण मिळविणारा विद्यार्थी परीक्षेच्या केंद्रात, जेथे मोबाइल नसतो, ७५ पैकी ३० च्या दुसऱ्या उंबरठ्याशी अडखळतो, आणि नियम दोन्ही उंबरठे स्वतंत्रपणे मोजतो. त्यास आपली तयारी कच्ची असल्याची सूचना बारा आठवड्यांत एकदाही मिळालेली नसते. ही सूचना देणे हेच गृहपाठाचे काम होते.

भाषेचा प्रश्न यात मिसळलेला आहे. मराठी, गुजराती किंवा हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास व्याख्यान समजते, परंतु गृहपाठातील इंग्रजी प्रश्नाची रचना, विशेषतः ‘पुढीलपैकी कोणते विधान असत्य आहे’ या धर्तीचा नकारार्थी प्रश्न, चकविते. ‘एनपीटीईएल’ने पुष्कळ अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे मराठी भाषांतर उपलब्ध केलेले आहे; ते वाचून मग मूळ व्याख्यान ऐकणे उपयुक्त ठरते. प्रश्न मात्र सामान्यतः भाषांतरित नसतात. विभागातील अध्यापकांनी पहिल्या दोन आठवड्यांत अर्धा तास काढून चार-सहा प्रश्न विद्यार्थ्यांसह नुसते वाचले, उत्तरे न सांगता वाचले, तरी हा अडसर बराचसा दूर होईल. ज्या महाविद्यालयात ‘एनपीटीईएल’ची स्थानिक शाखा आहे तेथे एक अध्यापक संपर्कप्रमुख म्हणून नेमलेला असतो. त्याचे काम सूचना पुढे पाठविण्यापुरते मर्यादित राहू नये. कोणत्या विद्यार्थ्याचे पहिले दोन गृहपाठ नोंदलेले नाहीत हे त्यास तिसऱ्या आठवड्यात ठाऊक असेल तर उपाय शक्य असतो. नवव्या आठवड्यात कळले तर, वरील गणिताप्रमाणे, कित्येकांच्या बाबतीत तो उरलेला नसतो.

परीक्षेचा अर्ज भरताना केंद्राचे शहर निवडावे लागते, आणि शैक्षणिक श्रेयांक पेढीतील आपला क्रमांकही द्यावा लागतो. या पेढीचे विनियम २०२१ साली निघाले. क्रमांक व नाव आधारपत्राशी जुळत असेल तर श्रेयांक तेथे जमा होतात. परंतु ते पेढीत जमा झाले म्हणजे महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेत आपोआप उतरले असे नव्हे. निकाल लागताच प्रमाणपत्राची प्रत व आरंभी घेतलेली लेखी संमती जोडून विद्यार्थ्याने विभागाकडे अर्ज करावा, आणि सत्राचा निकाल जाहीर होण्यापूर्वी तो परीक्षा विभागाकडे पोहोचला आहे याची खात्री करून घ्यावी.