गरोदरपणातील कोविड-१९

गरोदरपणातील कोविड-१९ म्हणजे गर्भवती स्त्रीस सार्स-कोव्ह-२ या विषाणूमुळे होणारा आजार होय. गरोदरपणात फुप्फुसांवर ताण येतो व प्राणवायूची गरज वाढते; त्यामुळे हा आजार गंभीर होण्याचा आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोका अधिक असतो.

महाराष्ट्रातील नोंदी

एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील नायर रुग्णालय कोविड रुग्णालय करण्यात आले. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सहकार्याने परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने ‘प्रेगकोविड’ नोंदवही सुरू केली. तीतील १,५३० गर्भवती व बाळंतिणींच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के, तर दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के आढळले.

प्रसूती व स्तनपान

केवळ संसर्ग झाला म्हणून सिझेरियन करण्याची आवश्यकता नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाधित मातेने मुखपट्टी लावून व हात स्वच्छ धुऊन बाळास स्तनपान द्यावे. बाळाला मातेपासून दूर ठेवू नये.

लसीकरण

लसींच्या सुरुवातीच्या चाचण्यांत गर्भवतींचा समावेश नव्हता. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या लसीकरणातून त्यांना वगळण्यात आले. केंद्र सरकारने २ जुलै २०२१ रोजी परवानगी दिली, तोपर्यंत दुसरी लाट ओसरू लागली होती.