हार्ड डिस्कचे विभाग आणि त्यांच्या सीमा

घरगुती संगणक वापरणाऱ्या पुष्कळ लोकांना कधी ना कधी एक चमत्कारिक अनुभव येतो. हार्ड डिस्कवर शेकडो गिगाबाइट जागा मोकळी असते. तरीही जागा संपत आल्याची सूचना पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसू लागते. ‘सी’ नावाचा विभाग तुडुंब भरलेला असतो आणि शेजारचा ‘डी’ विभाग अर्धाअधिक रिकामा पडलेला असतो. अशा वेळी दोहोंमधील सीमा थोडी सरकवावी, असा विचार साहजिकच मनात येतो. तो व्यवहार्य आहे. मात्र ही सीमा म्हणजे नेमके काय आणि ती सरकवताना डिस्कवर प्रत्यक्षात काय घडते, हे समजून घेतल्यावाचून या कामाला हात घातला, तर वर्षानुवर्षे साठवलेली छायाचित्रे आणि कागदपत्रे क्षणार्धात नाहीशी होऊ शकतात.

सीमा असते कोठे?

डिस्कवर दोन विभागांच्या मध्ये कोणतीही भिंत नसते. डिस्कवरील सर्व जागा अगदी लहान, क्रमांक दिलेल्या खंडांत वाटलेली असते. या खंडांना सेक्टर म्हणतात. परंपरेने एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतचे सेक्टर एका विभागाचे, अशी नोंद डिस्कच्या आरंभीच्या एका छोट्या तक्त्यात केलेली असते. शेताची हद्द गावच्या दप्तरातील नोंदीवरून ठरावी, तशातलाच हा प्रकार होय. फरक एवढाच, की शेतात बांध डोळ्यांना दिसतो. डिस्कवर केवळ नोंदच असते.

या पद्धतीचा उगम घरगुती संगणकाच्या आरंभकाळात आहे. आयबीएम कंपनीने १९८३ साली ‘पीसी एक्सटी’ हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असल्यामुळे हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ हे अक्षर आले, आणि ते आजतागायत टिकून आहे. त्या वेळच्या डॉस २.० प्रणालीबरोबर विभागांचा तक्ताही वापरात आला. तो अवघ्या ६४ बाइटांचा होता. प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी त्यात मावत. त्या अपुऱ्या पडू लागल्यावर एका नोंदीच्या पोटात अनेक उपविभाग सामावून घेण्याची युक्ती योजण्यात आली. तथापि सेक्टरचा क्रमांक लिहिण्यासाठी ३२ बिटांचीच तरतूद असल्यामुळे सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा त्या तक्त्याच्या आवाक्यात येत नसे. नव्या संगणकांत त्याचे स्थान जीपीटी नावाच्या तक्त्याने घेतले आहे. त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस राखून ठेवलेली असते.

भारतात सुटे भाग जोडून संगणक तयार करून देणारे व्यावसायिक बहुधा डिस्कचे ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे भाग पाडून देत आले आहेत. विंडोज प्रणाली बिघडून ‘सी’ पुसण्याची वेळ आली, तरी ‘डी’वरील कागदपत्रे शाबूत राहावीत, हा त्यामागील हेतू. हेतू योग्यच आहे. परंतु कोणता विभाग किती वाढेल, याचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधावा लागतो, आणि प्रणाली व प्रोग्राम यांचा आकार वर्षागणिक वाढत जातो.

दोन थर, दोन क्रम

तक्त्यातील नोंद हा झाला एक थर. प्रत्येक विभागाच्या आत फाइल-व्यवस्था नावाचा दुसरा थर असतो. कोणती फाइल कोठे ठेवली आहे आणि कोणती जागा मोकळी आहे, याचा हिशेब ती ठेवते. हे दोन्ही थर एकमेकांशी जुळते असावे लागतात, आणि त्यावरूनच कामाचा क्रम ठरतो. विभाग लहान करावयाचा असेल, तर आधी फाइल-व्यवस्था आखडून घ्यावी लागते आणि मग तक्त्यातील सीमा अलीकडे आणावी लागते. विभाग मोठा करताना याच्या नेमके उलट: आधी सीमा पलीकडे न्यावयाची, मग फाइल-व्यवस्था वाढवावयाची. लहान करताना हा क्रम चुकला, तर विभागाच्या टोकाकडील फाइली हद्दीबाहेर पडतात.

खरी अडचण दिशेची असते. समजा, डिस्कवर आधी १०० गिगाबाइटचा ‘सी’ आणि त्याला लागून ४०० गिगाबाइटचा ‘डी’ आहे; ‘सी’ला आणखी १०० गिगाबाइट हवे आहेत. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून विभाग लहानमोठे करण्याची सोय विंडोजमध्येच आहे. परंतु ती विभागाला शेवटच्या टोकाकडूनच लहान करते. त्यामुळे सुटलेली जागा ‘डी’च्या पलीकडे राहते, आणि ‘सी’ला तर आपल्या लगतचीच जागा घेता येते. मध्ये संपूर्ण ‘डी’ आडवा असतो.

हा अडसर दूर करण्यासाठी ‘जीपार्टेड’सारखे प्रोग्राम ‘डी’ला मुळापासून उचलून पुढे सरकवतात. आखडून ३०० गिगाबाइटचा झालेला विभाग सेक्टरामागून सेक्टर १०० गिगाबाइट पुढे लिहिला जातो. जुनी आणि नवी जागा बऱ्याच अंशी एकमेकींवर पडत असल्यामुळे ही नक्कल शेवटच्या टोकापासून सुरू करावी लागते. नाहीतर अजून न वाचलेल्या मजकुरावरच नवे लेखन होईल. गच्च भरलेल्या फळीवरील पुस्तके उजवीकडे सरकवताना आपण उजव्या टोकाच्या पुस्तकालाच आधी हात घालतो, त्याचे कारणही हेच. या कामाला कित्येक तास लागू शकतात. मध्येच वीज गेली, तर काही भाग नव्या जागी, काही जुन्या जागी, अशी अवस्था होते, आणि तक्त्यातील कोणतीही एक नोंद तिचे यथार्थ वर्णन करू शकत नाही.

पूर्वतयारी

म्हणून पहिला नियम असा, की महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या, स्वतंत्र डिस्कवर घेतल्याखेरीज सीमेला हात लावू नये. ‘सी’वरील फाइलींची प्रत ‘डी’वर ठेवणे पुरेसे नाही, दोन्ही विभाग एकाच यंत्राचे भाग असून यंत्र बिघडल्यास दोन्ही जातात. त्यानंतर फाइल-व्यवस्थेतील दोष तपासून दुरुस्त करावेत, विभाग कूटबद्ध केलेला असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी आणि विजेचा पुरवठा खंडित होणार नाही, अशी व्यवस्था करावी.

अशी प्रत हाताशी असली, की पुष्कळदा एक सोपा मार्ग मोकळा होतो. ‘डी’ सरकवण्याऐवजी तो काढून टाकावा, ‘सी’ वाढवावा, उरलेल्या जागेत ‘डी’ नव्याने निर्माण करावा आणि फाइली परत आणाव्यात. मात्र ‘डी’ जुन्या तक्त्यातील उपविभाग असेल, किंवा ‘सी’ला लागून विंडोजचा छोटा पुनर्प्राप्ती-विभाग असेल, तर हा मार्ग सरळ राहत नाही, हे आरंभीच पाहून घ्यावे.

सीमा सरकवल्याने डिस्कची एकूण क्षमता तसूभरही वाढत नाही. एकाचे दुसऱ्याला दिले जाते, इतकेच. तेव्हा तात्पुरत्या फाइली पुसून आणि छायाचित्रे व चित्रफिती ‘डी’वर हलवून गरज भागत असेल, तर तेच करणे शहाणपणाचे होय. दोन्ही विभाग भरत आले असतील, तर मात्र नवी, मोठी डिस्क घेण्यावाचून गत्यंतर नाही.