चाल कुठली लावायची?

राहुरीजवळच्या मळ्यात घरासमोर मांडव पडलाय. आजींच्या पहिल्या स्मृतिदिनाची भक्ती साडेदहाची. सव्वाअकरा झाले तरी पहिल्या गीताचं जमत नाही. नातवानं पुण्याहून कीबोर्ड आणलाय, त्याला विलायती चाल हवी. आत्याबाई टाळ घेऊन पुढ्यातच बसल्यात. "टिळकांचं भजन आहे ते. भजनासारखंच होणार," त्या बजावतात.

टाळ जिंकतात. पेटीवाला सूर धरतो, ढोलकी मागून येते, आणि दोन ओळींतच मांडव डोलायला लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथं सप्ताह बसलाय. नगर भागात अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली. विलायती चालींची गीतं इथं पिढ्यान् पिढ्या म्हणतात. पण नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तरी अभंगाची ओढ काही सोडली नाही. ते आणि लक्ष्मीबाई पुढं या राहुरीतही राहिले. मला विचाराल तर आत्याबाईंचंच बरोबर.

थोरली सून आजींचं 'उपासना संगीत' माझ्या हातात देते. बांधणी सुटलेली, जुन्या शर्टाच्या चौकडी कापडाचं कव्हर, पानांच्या कडांना हळदीची बोटं. समासात पेन्सिलीनं नावं आहेत. ज्याच्या मातीला जे गीत म्हटलं, त्या गीतापुढं त्याचं नाव आणि साल. एके ठिकाणी: 'सासरे, 1972. जमीन टणक. पहार वाकली.' दुष्काळाची एवढी थोडक्यात बातमी मी कुठं वाचली नव्हती. चार पानं पुढं: 'हे माझ्या वेळी. ओढून म्हणू नये.'

"ओढूनच म्हटलं सगळ्यांनी," सून पुटपुटते.

आजी चौथी शिकलेल्या. त्यांची आई बायबलबाई, शुभवर्तमानाच्या पुस्तिका घेऊन गावोगाव पायी फिरायची. पाळकसाहेब हे सांगतात, मग नीतिसूत्रे 31 उघडून सद्गुणी स्त्रीवर बोलतात. पाठोपाठ जो उठतो तो आजींना आणखी एक पायरी वर चढवतो. तिसऱ्या वक्त्यापर्यंत त्या माणूस उरतच नाहीत.

सून मात्र पदर तोंडाला लावून हसतेय. "प्रार्थनेशिवाय घासाला हात लावू द्यायच्या नाहीत. भाकरी गार. आणि प्रार्थनेत अख्खी वस्ती यायची, नावानिशी. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर दारू पितं. माझंही नाव यायचं."

"काय म्हणून?"

"कालवणात मीठ जास्त झालं की देवापुढं वर्दी. तोंडावर कधी बोलल्या नाहीत हो. सगळं त्याच्यामार्फत." ती डोळे पुसते. "मी आजारी पडले तेव्हा मात्र रोज पहाटे चारला उठायच्या. मला ऐकू जायचं भिंतीपलीकडून."

आभाराची प्रार्थना सुरू होते. मागं चुलवणावर मटणाच्या पातेल्याचं झाकण खडखडतंय. पाळकसाहेब 'शेवटी, हे प्रभू' म्हणतात आणि तिथून पुन्हा जगातल्या सगळ्या मंडळ्यांकडं वळतात. एक पोर जांभई देतं. तेवढ्यात आत्याबाई खणखणीत 'आमेन' म्हणतात. अख्खा मांडव त्यांच्यामागं 'आमेन' म्हणतो. पाळकसाहेब डोळे उघडतात, जरा हसतात आणि मुकाट्यानं पुस्तक मिटतात.

"पोरांची पंगत आधी," थोरली सून पातेल्याकडं जात ओरडते. "आणि रस्सा बेतानं वाढा, बाहेरची माणसं यायचीत अजून."